अमेरिकेतला फुकटचा फोन, परळच्या हिशेबात

पत्र

स.न.वि.वि. आमचा मुलगा ऑगस्टमध्ये एमएस करायला न्यू जर्सीला चालला आहे. कोर्स दोन वर्षांचा. त्याला नवा फोन हवा आहे आणि त्याचं मन आयफोन १७ वर बसलंय. इथे किंमत ८२,९०० रुपये. माझी नणंद तिकडेच असते. तिचा मुलगा म्हणाला, ‘‘मामी, तिकडून फोन घेऊन पाठवू नका. इथे मोबाइल कंपनीच फोन फुकट देते, आपण फक्त प्लॅन घ्यायचा.’’ यजमान बेस्टमध्ये आहेत. त्यांचं म्हणणं, घ्यायचा तर इथेच आणि रोख. उधारीचं नाव काढायचं नाही. दादरच्या दुकानदाराने तिसराच कागद हातात ठेवला : ‘नो कॉस्ट ईएमआय’, १२ महिने, महिना ६,९०८ रुपये. तिघंही छातीठोकपणे बोलतात. यातला खरा स्वस्त सौदा कोणता?

– एक वाचक, परळ

उत्तर

ताई, भाच्यापासून सुरुवात करते. तो खोटं बोलत नाहीये. त्याच्या घरात फोन खरोखरच ‘फुकट’ आला असणार. पण त्याच्या घरचा हिशेब तुमच्या मुलाला जसाच्या तसा लागू होईल, असं मात्र नाही.

अमेरिकेत एटी अँड टी, व्हेरायझन आणि टी-मोबाइल या तीन मोठ्या कंपन्या. त्यांच्याकडून फोन घेतला की फोनची पूर्ण किंमत आधी तुमच्या नावावर चढते आणि तिचे हप्ते पडतात. पहिल्या दोन कंपन्यांत ३६ महिने, टी-मोबाइलमध्ये बहुधा २४. मग कंपनी दर महिन्याच्या बिलात त्या हप्त्याएवढीच सूट देते. हप्ता २२ डॉलर, सूट २२ डॉलर. म्हणून फोन फुकट. ही सूट एकदम मिळत नाही, महिन्यामहिन्याने मिळते आणि तुम्ही त्यांच्याकडे, त्यांनी सांगितलेल्या प्लॅनवर आहात तोवरच मिळते. मध्येच सोडलंत तर सूट थांबते आणि उरलेली किंमत एकरकमी भरावी लागते. भाजीवाल्याने कोथिंबीर वरून टाकली तर ती खरंच फुकट असते, कारण उद्या तुम्ही दुसऱ्याकडून भाजी घेतलीत तरी तो जुडी परत मागत नाही. इथे मागतात.

पूर्वी हे वेगळ्या रूपात चालायचं. २००८ मध्ये आयफोन ३जी आला तेव्हा तिकडे तो १९९ डॉलरला मिळत होता, अट एकच, दोन वर्षांचा करार. उरलेली किंमत कंपनी मासिक बिलातून वसूल करायची, पण बिलावर ती वेगळी दिसायची नाही. करार संपल्यावरही बिल तेवढंच यायचं, म्हणजे फोन फिटला तरी गिऱ्हाईक भरतच राहायचं. २०१३ मध्ये टी-मोबाइलने आधी ही पद्धत मोडली, फोन वेगळा आणि प्लॅन वेगळा केला. २०१६ उजाडेपर्यंत बाकीच्यांनीही दोन वर्षांचे करार जवळजवळ बंद केले. आणि मग मासिक सवलतीच्या रूपाने तेच बंधन परत आलं, फक्त पहिल्या दोन कंपन्यांत २४ महिन्यांचं ३६ झालं.

आता तुमच्या मुलाचा हिशेब मांडू. डॉलर ९० रुपयांचा धरते, भाव इकडेतिकडे झाला तरी निष्कर्ष फारसा हलणार नाही. आयफोन १७ ची तिकडची किंमत ७९९ डॉलर. त्यावर न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के, म्हणजे ५३ डॉलर. फोन ‘फुकट’ असला तरी हा कर पूर्ण किमतीवर आणि बहुधा पहिल्याच दिवशी. शिवाय लाइन सुरू करायची फी, ३५ धरू. फुकट फोनची योजना बहुतेक वेळा वरच्या दर्जाच्या अमर्यादित प्लॅनला जोडलेली असते. एकट्या माणसासाठी तो महिना ८५ डॉलर धरते. बिलावर वरून जे कर चढतात ते सोडूनच देते.

दोन वर्षांत प्लॅनचे २,०४० डॉलर झाले. कर आणि फी मिळून ८८. कोर्स संपला, मुलगा परत आला किंवा त्याने कंपनी बदलली, तर ३६ पैकी १२ हप्ते शिल्लक, म्हणजे २६६ डॉलर. एकूण २,३९४ डॉलर. रुपयांत २ लाख १५ हजारांच्या वर.

दुसरीकडे, फोन इथे ८२,९०० ला घेतला, म्हणजे ९२१ डॉलर, आणि तिकडे स्वस्तातलं प्रीपेड सिम टाकलं. मोठ्या कंपन्यांचीच जाळी वापरून स्वस्त सेवा देणारे छोटे ब्रँड तिकडे बरेच आहेत, मिंट, व्हिजिबल वगैरे. महिना १५ ते ३० डॉलरमध्ये भागतं. गंमत म्हणजे व्हिजिबल ही व्हेरायझनचीच आणि मिंट २०२४ पासून टी-मोबाइलची. २५ डॉलर धरले तर दोन वर्षांचे ६००. एकूण १,५२१ डॉलर, म्हणजे १ लाख ३७ हजारांच्या आत.

फरक ८७३ डॉलर. साधारण ७८ हजार रुपये. जवळपास आणखी एक फोन, ताई.

भाच्याला मग हे दिसत कसं नाही? कारण त्याच्या घरी चार-पाच लाइनी असणार. तिकडचे प्लॅन कुटुंबासाठी आखलेले असतात. एका माणसाला ८५ डॉलर लागत असतील, तर पाचवी लाइन ३०-३५ ला पडते. तुमच्या मुलाला नणंदेच्या कुटुंबाच्या प्लॅनमध्ये घेतलं आणि त्याच्या लाइनीचे ३५ डॉलर धरले, तर दोन वर्षांचे ८४० अधिक कर, फी आणि उरलेले हप्ते मिळून १,१९४ डॉलर होतात. म्हणजे इथून फोन घेऊन प्रीपेड वापरण्यापेक्षा ३२७ डॉलर कमी. एकोणतीस हजार रुपये वाचतात. हे लपवण्यात अर्थ नाही. निव्वळ बेरजेत या एका वाटेने भाचा जिंकतो.

तरी मी ती वाट धरू नका म्हणेन. एक कारण नात्याचं आहे आणि ते तुम्हाला मी समजावून सांगायला नको. खातं नणंदेच्या किंवा तिच्या यजमानांच्या नावावर, हप्ते त्यांच्या नावावर, तीन वर्षांची अट त्यांच्यावर. मुलगा एखाद्या महिन्यात ३५ डॉलर द्यायला विसरला तर कोणी बोलणार नाही, पण गणपतीत फोन केलात की आवाजात ते कळेल. नणंदेने आपणहून विचारलं, दर महिन्याला कोणी कोणाला किती द्यायचे हे आधी ठरलं आणि तीन वर्षांनी काय हेही ठरलं, तर गोष्ट वेगळी. आपण होऊन विचारायला जाऊ नका.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कंपनीकडून घेतलेला फोन लॉक्ड असतो, म्हणजे त्यात त्या कंपनीचंच सिम चालतं. एटी अँड टी आणि टी-मोबाइल फोनचे पैसे पूर्ण फिटेपर्यंत तो अनलॉक करून देत नाहीत. आता मुलाच्या रोजच्या व्यवहाराचा विचार करा. शैक्षणिक कर्ज इथल्या बँकेचं असेल, बचत खातं इथलं, आधार आणि पॅनला जोडलेला नंबर इथला. प्रत्येक ओटीपी त्याच्या मुंबईच्या नंबरवर येणार. तो नंबर त्या लॉक्ड फोनमध्ये चालणारच नाही. मग मुलं दुसरा जुना फोन फक्त ओटीपीसाठी सांभाळत बसतात, तो नेमका चार्ज नसतो आणि फी भरायच्या शेवटच्या दिवशी रात्री दोन वाजता तुम्हाला फोन येतो. डिसेंबरच्या सुट्टीत तो इथे आला तरी त्या फोनात इथलं सिम चालणार नाही.

त्यात आणखी एक. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये २०२२ च्या आयफोन १४ पासून सिम घालायचा खाचाच नसतो, सगळं ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवायचं सिम. आपल्याकडच्या आयफोन १७ मध्ये एक साधं सिम आणि ई-सिम दोन्ही चालतात. म्हणजे इथून घेतलेल्या फोनात मुंबईचं सिम आहे तिथेच राहू द्यायचं, तिकडचं ई-सिम वर चढवायचं, की काम झालं. भारतीय सिम चालू राहील इतका किमान रिचार्ज मात्र तुम्ही इथून करत राहा, नाहीतर नंबर बंद पडून दुसऱ्या कोणाच्या नावे जाऊ शकतो.

आणि अजून एक अडचण भाच्याच्या लक्षात आलेली नसणार, कारण तो तिथे मुरलेला आहे. हप्त्यावर फोन म्हणजे उधारी, आणि उधारी द्यायला तिकडच्या कंपन्या क्रेडिट, म्हणजे आधीची उधारी कशी फेडली त्याची नोंद, बघतात. नुकत्याच उतरलेल्या विद्यार्थ्याकडे ना तिकडचा क्रेडिटचा इतिहास, ना सोशल सिक्युरिटी नंबर. विद्यार्थी व्हिसावर तो नंबर सहसा कॅम्पसवर काम मिळाल्यावरच मिळतो. त्यामुळे एकट्याने दुकानात जाऊन फुकट फोन मागितला, तर बहुतेक वेळा मोठी अनामत मागतात किंवा सरळ नाही म्हणतात.

‘अमेरिकेत वस्तू स्वस्त’ हे आपल्या मनात पक्कं बसलंय, म्हणून तिकडे रोखीने फोन घेतला तर काय, हेही सांगते. ७९९ अधिक कर, ८५२ डॉलर, म्हणजे ७६,७०० रुपयांच्या आसपास. इथल्यापेक्षा सहा हजारांनी कमी. इथल्या ८२,९०० मध्ये १८ टक्क्यांनी साडेबारा हजारांवर जीएसटी आधीच आहे (१ एप्रिल २०२० च्या आधी तो १२ टक्के होता), तिकडे कर काउंटरवर वरून लागतो, म्हणून छापील आकडे बघून फरक खूप मोठा वाटतो. इथे बँकेच्या कार्डावर चार-पाच हजारांची सूट मिळाली की तो फरक जवळजवळ संपला. उरलेल्या हजार-दोन हजारांसाठी सिमचा खाचा नसलेला फोन घ्यायचा का, हे मुलाने ठरवावं.

आता यजमानांचा पक्ष. ‘इथेच घ्या’ या अर्ध्या भागाशी मी सहमत आहे, पण त्यात एक मोठी अट आहे. मुंबईत घेतलेला प्रत्येक फोन तिकडे नीट चालत नाही. एटी अँड टीने २२ फेब्रुवारी २०२२ ला आपलं ३जी जाळं बंद केलं. तेव्हापासून साधा कॉलसुद्धा ४जीवरून, म्हणजे व्होल्टीवरून जातो आणि कोणत्या फोनना ते करू द्यायचं याची कंपनीची स्वतःची यादी आहे. आपल्याकडे २५-३० हजारांत मिळणारे अनेक चांगले चिनी ब्रँडचे फोन त्या यादीत नसतात. फोन उत्तम असतो, इंटरनेटही कधी चालतं, पण कॉल लागत नाही. काही फोनमध्ये तिकडचे बँडच, म्हणजे तिकडचा सिग्नल ज्या लहरींवर येतो त्यांचे पट्टेच, नसतात. त्यामुळे मुलाने आयफोनचा हट्ट सोडून दुसरा फोन घ्यायचं ठरवलं, तर आधी कोणत्या कंपनीचं सिम घेणार ते ठरवा आणि त्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची तपासणी करा. दुकानात फोन हातात आला की *#०६# दाबून मिळणारा आयएमईआय नंबर तिथे टाकूनही बघता येतो. आयफोनबाबत ही डोकेदुखी नाही. भारतात विकला जाणारा आयफोन तिकडे चालतो. अमेरिकी मॉडेलमधला अतिवेगवान ५जीचा एक प्रकार त्यात नसतो, पण तो तिकडेही मोजक्या गर्दीच्या ठिकाणीच मिळतो.

नवंच मॉडेल हवं का, असं मी मुलाला एकदा तरी विचारीन. सप्टेंबर २०२५ मध्ये १७ आला तेव्हा आयफोन १६ ची अधिकृत किंमत ७९,९०० वरून ६९,९०० झाली. तेरा हजारांचा फरक आहे. १६ मध्ये साठवण १२८ जीबी आहे आणि १७ मध्ये २५६, हे खरं. पण तेरा हजार म्हणजे वरच्या हिशेबातलं सहा महिन्यांचं अमेरिकेतलं रिचार्ज.

राहिला दादरचा दुकानदार. इथे जरा थांबते, कारण तुमचे पैसे जातील ते याच काउंटरवर.

आपल्याकडे मोबाइल कंपन्या असे फुकट फोन का देत नाहीत, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. प्रयत्न झाले होते. रिलायन्स इन्फोकॉमने २००३ च्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरून फोन देणारी योजना काढली होती, आपल्या पिढीतल्या अनेकांच्या हातात पहिला मोबाइल तेव्हा आला. आयफोन ३जी मात्र ऑगस्ट २००८ मध्ये एअरटेल आणि व्होडाफोनने इथे आणला तेव्हा ८ जीबीची किंमत थेट ३१,००० होती. अमेरिकेतले १९९ डॉलर तेव्हाच्या भावाने साडेआठ हजारांच्या घरात जात होते, म्हणून केवढी ओरड झाली! पण अमेरिकेतला माणूस करारात बांधलेला होता, आपला नव्हता. आपल्याकडे नव्वद टक्क्यांहून जास्त गिऱ्हाईक प्रीपेड. त्यात २० जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. आज फोन दिला आणि उद्या गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं, तर वसुली कोणाकडून करायची? शिवाय ८४ दिवसांचा रिचार्ज आठशे-साडेआठशेला, महिना तीनशे. त्यात ८३ हजारांचा फोन लपवायला जागाच कुठे आहे? अख्खा रिचार्ज फोनच्या खात्यात वळता केला तरी तेवीस वर्षं लागतील. २०१७ मध्ये दीड हजारांच्या परत मिळणाऱ्या अनामतीवर जिओफोन मिळत होता, पण तो साधा, बटणांचा फोन होता. स्वस्त फोनला ते जमतं.

म्हणून आपल्याकडे ती जागा बँका आणि कर्ज देणाऱ्या कंपन्यांनी घेतली. फरक एवढाच की इथे फोन सिमला बांधलेला नसतो, तुम्ही कर्जाला बांधलेले असता.

‘नो कॉस्ट’ हे कसं होतं ते बघा. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ लाच बँकांना बजावलंय की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते, व्याज प्रक्रिया शुल्कात लपवू नका. त्यानंतर ‘झिरो पर्सेंट’ची पाटी जाऊन ‘नो कॉस्ट’ची आली. क्रेडिट कार्डावर घेतलात तर बँक व्याज लावतेच, वर्षाला १६ टक्के धरू. तेवढ्या व्याजाची रक्कम आधीच किमतीतून सूट म्हणून वजा दाखवली जाते, त्यामुळे हप्त्यांची बेरीज ८२,९०० च भरते. तुमच्या कागदावरच्या ६,९०८ च्या हप्त्यात असं सुमारे ६,७६० रुपये व्याज दडलेलं आहे. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण १,२१७ रुपये, तुम्हालाच भरावे लागतात आणि ते दुकानदाराच्या कागदावर नसतात. कार्डाच्या बिलात महिन्यामहिन्याने येतात. प्रक्रिया शुल्क जीएसटीसह दोन-अडीचशे. म्हणजे नो कॉस्टची कॉस्ट साडेचौदाशेच्या आसपास. बँकेऐवजी कर्ज देणाऱ्या कंपनीकडून ग्राहक कर्ज घेतलंत तर व्याजावरचा हा जीएसटी नसतो, पण शुल्क बहुधा जास्त असतं.

साडेचौदाशे ही काही लुटालूट नाही. वर्षभर ८३ हजार वापरायला मिळाले तर तेवढे मी आनंदाने देईन. खरी मेख पुढे आहे. दुकानदाराला विचारा, ‘‘रोख दिले तर काय भाव?’’ तो हसून ‘‘ताई, एकच भाव’’ म्हणेल. मग यजमानांना पाठवा. तरीही तोच भाव राहिला तर दुसऱ्या दुकानात जा. दादर ते लालबागच्या पट्ट्यात दुकानांना तोटा नाही, आणि २०२३ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात उघडलेल्या ॲपलच्या स्वतःच्या दुकानातही बँकांच्या सवलती चालू असतात. समजा, एकरकमी देणाऱ्याला कोणी पाच हजार कमी करतो. तर ईएमआयवाल्याने खरं कर्ज ८२,९०० चं घेतलेलंच नाही, ७७,९०० चं घेतलंय आणि परत मात्र ८४ हजारांवर करतोय. त्याचं व्याज काढलं तर वर्षाला १५ टक्के पडतं. आणि हीच पाच हजारांची सूट ईएमआयवरही मिळत असेल, जसं सणांच्या सेलमध्ये पुष्कळदा होतं, तर मग ईएमआय वाईट नाही. सगळी गोष्ट त्या एका प्रश्नाच्या उत्तरावर आहे.

कर्ज कंपनीचा कागद असेल तर त्यावर ‘१२/४’ असं काही लिहिलंय का ते बघा. याचा अर्थ बारापैकी चार हप्ते आजच काउंटरवर द्यायचे. म्हणजे बारा महिन्यांची उधारी नाही, आठ महिन्यांची. १ ऑक्टोबर २०२४ पासून असं कर्ज देताना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचं पत्रक देणं बंधनकारक आहे. सगळे खर्च धरून वर्षाचा दर किती पडतो हे त्यात एका आकड्यात असतं आणि ते तुम्हाला समजेल अशा भाषेत द्यायचं आहे. मराठीत मागा. स्क्रीन गार्ड, वाढीव वॉरंटी, कसलासा विमा, ‘प्रोटेक्शन प्लॅन’ अशा गोष्टी कर्जाच्या रकमेत हळूच मिसळलेल्या असतात, त्या पत्रकात दिसतात. नको त्या काढायला लावा. त्यांनी ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. नुसता नंबर उच्चारला तरी पुष्कळदा काम होतं.

आणखी एक बघा, काही कर्ज कंपन्या फोनमध्ये असं ॲप टाकतात की हप्ता चुकला तर फोनच कुलूपबंद होतो. मुलगा परदेशात, फोन हातात आणि हप्ता इथे यजमानांच्या खात्यातून. पगार एक दिवस उशिरा झाला, खात्यात पैसे नव्हते, हप्ता परतला, तर बँक आणि कर्ज कंपनी दोघांचाही दंड. वर सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासात, नोंद. मुलाच्या शैक्षणिक कर्जात यजमान सहकर्जदार असतील, आणि बहुधा असतीलच, तर पुढची रक्कम सुटायच्या वेळेला बँकेसमोर असली नोंद नको.

म्हणून माझं मत असं : पैसे जमलेले असतील तर इथेच, एकरकमी, पक्क्या जीएसटी बिलावर, अनलॉक्ड फोन घ्या. ‘रोख’ म्हणजे नोटांची गड्डीच हवी असं नाही. सूट कार्डावर असेल तर कार्डाने घ्या आणि पुढच्या बिलात पूर्ण भरा. बिल मुलाच्या नावावर करा. बिल न देता दोन-तीन हजार कमी करणाऱ्या गाळ्यांकडे वळू नका. पैसे जमलेले नसतील, किंवा जाण्याच्या तिकिटाने आणि डॉलरच्या खरेदीने हात रिकामा झाला असेल, तर सहा महिन्यांचा कार्डावरचा ईएमआय घ्या, बाराचा नको. मुलगा जाण्याच्या दोन-अडीच महिने आधी घ्या म्हणजे काही दोष निघाला तर तो इथे असतानाच निघेल. ब्रँड कोणताही घेतलात तरी वॉरंटी तिकडे चालते का हे दुकानदाराला नको, त्या कंपनीच्या सेवा केंद्राला विचारा.

जाता जाता तुम्ही पत्राच्या खाली विचारलंय की मुलाच्या सध्याच्या आयफोन १३ चे दुकानदार एक्स्चेंजमध्ये नऊ हजार देतोय, ते घ्यावेत की फोन तुम्ही वापरावा. तुम्ही वापरा. काचेला तडा नसेल तर त्याची किंमत तुम्हाला नऊ हजारांपेक्षा नक्कीच जास्त आहे. बॅटरी दमली असेल तर अधिकृत सेवा केंद्रात बदलून घ्या, अजून काही वर्षं मजेत चालेल. एक्स्चेंजचा जास्तीचा भाव पुष्कळदा ‘नो कॉस्ट’ बरोबर मिळत नाही, हेही दुकानदार आधी सांगत नाहीत. फक्त मुलाला त्या फोनमधून आपलं खातं पूर्ण काढायला लावा, ‘फाइंड माय’ बंद करायला लावा आणि मगच फोन कोरा करून तुमचं खातं त्यात घाला. हे तो विमानात बसण्याआधी, घरात समोर बसवून करून घ्या. नंतर पासवर्ड त्याच्याकडे, फोन तुमच्याकडे आणि मधे साडेनऊ तासांचं अंतर, अशाने ते काम दिवाळीपर्यंत होत नाही.